पुराचं पाणी ओसरल्यावर गाडीला आधी चावी लावू नका

गाडी चालू होते का, हे बघायचा मोह आवरा. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च कितीतरी वाढतो. आधी पाणी कुठपर्यंत चढलं त्याचे फोटो काढा, विम्याला लागतात. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी इंजिनात गेलंय, गाडी टो करूनच न्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर हातच लावू नका. खरा घोळ मॅटिंगखाली असतो: वरून कोरडं वाटतं, खालचा फोम मात्र पिळला की गढूळ पाणी निघतं. सीट काढून मॅटिंग पूर्ण उचला, नाहीतर बुरशीचा वास जात नाही. परफ्युमवर पैसे घालवू नका.