तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी: एमपीएससीवाल्यांनी आधी हे वाचा

ग्रॅज्युएशन झालंय, एमपीएससीचे अटेम्प्ट वाया गेलेत, घरचे "मग आता पुढे काय" म्हणून विचारायला लागलेत आणि कोणीतरी सांगितलंय की एलएलबी करून टाक, सीईटी सोपी असते, राज्यसेवा केलेल्याला तर डाव्या हाताचा मळ. हे तुमच्याबद्दल वाटत असेल तर पुढचं वाचा. मी त्याच रांगेतली. बाकीच्यांनाही उपयोग होईल, पण माझा राग जास्त करून आपल्याच लोकांवर निघणारे, आधीच सांगून ठेवते.

पॅटर्न माहीत असेलच, तरी पटकन: पूर्वी 150 प्रश्न असायचे, आता 120, वेळ दोन तास, कॉम्प्युटरवर. इंग्रजी 40, जीके आणि करंट 32, लीगल 24, लॉजिकल 24. इंग्रजीचा भाग सोडला तर पेपर मराठीतही दिसतो. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. हे शेवटचं सगळ्यांना माहीत असतं पण हाताला माहीत नसतं. राज्यसेवा पूर्वला चुकीच्या उत्तराचा चौथा हिस्सा कापतात, त्यामुळे वर्षानुवर्षं आपण प्रश्न सोडायला शिकलेलो असतो, शंका आली की नेक्स्ट. इथे सोडलेला प्रश्न म्हणजे शुद्ध नुकसान. मॉक म्हणजे सराव पेपर देतानाच नियम करा की एकही प्रश्न कोरा सबमिट होणार नाही, शेवटची पाच मिनिटं फक्त त्यासाठी ठेवा.

आता मुख्य विषय, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. लीगल रीझनिंग.

24 मार्कांसाठी एवढा काय बाऊ, असं वाटेल. पण बाकी विभागांत आपण कुठे कमी आहोत ते आपल्याला कळतं, शब्द आला नाही तर नाही आला. लीगलमध्ये चुकलेलं कळतच नाही, उलट सोडवताना मस्त वाटत असतं की अरे हे तर मला येतं. मी मॉकमधे सगळ्यात जास्त मार्क तिथेच घालवले, आणि पॉलिटी म्हणजे राज्यघटना माझा सगळ्यात पक्का विषय होता! कलम 32 कशाचं, 226 कशाचं, 86 व्या घटनादुरुस्तीने काय आलं, केशवानंद भारती 1973, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, झोपेतून उठवून विचारा. तरी मार्क जायचे, कारण हा अर्धा विभाग माहितीचा नाहीचे.

बघा, लीगलमधे दोन जातीचे प्रश्न असतात. एक सरळ माहितीचा: अमुक रिट (कोर्टाचा आदेश) कोणती, तमुक कलम कशाबद्दल. दुसऱ्यात आधी एक तत्त्व म्हणजे प्रिन्सिपल दिलेलं असतं, मग एक घटना, मग विचारतात काय होईल. या दुसऱ्या जातीत तुमच्या डोक्यातला कायदा, तुमची न्यायबुद्धी, पेपरात वाचलेलं, सगळं बाहेर ठेवायचं. त्या प्रश्नापुरता कायदा म्हणजे ते दिलेलं वाक्य, बाकी काही नाही.

मला हे क्लासमधे शंभरदा सांगितलं होतं आणि तरी शिरलं नव्हतं. शिरलं ते आमच्या तालुक्याच्या कोर्टात, बार रूममधे, वडिलांच्या ओळखीचे एक वकीलकाका आहेत त्यांच्यासमोर. त्यांचा डबा उघडा, मी समोर फाईल घेऊन. म्हणाले, "हं, सांग. कोणाच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने काढून घेण्यासाठी हलवली की चोरी. आता एकाने स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं. दुरुस्ती झाली, पैसे दिले नाहीत. दुकानदार म्हणाला पैसे दे आणि घेऊन जा, तोवर घड्याळ माझ्याकडे राहील. हा पठ्ठ्या दुकानदाराची पाठ वळल्यावर पैसे बुडवायला घड्याळ उचलून पसार. चोरी?"

मी म्हणाले, "नाही काका, स्वतःच्या वस्तूची कसली चोरी?"

"अगं मालकी कुठे विचारलीये तुला? परत वाच. ताबा लिहिलंय."

आणि खरंच, त्या वाक्यात मालकी हा शब्दच नाही. तो मी घातला होता, मनातून. हे काही काकांनी रचलेलं उदाहरण नाही, कायद्यातच चोरीच्या कलमाखाली जवळपास असंच घड्याळाचं उदाहरण दिलेलं आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्याच आधी असंही आहे की घड्याळवाल्याचं काहीच देणं नसेल आणि मालकाने येऊन जबरदस्तीने घड्याळ नेलं तर ती चोरी नाही. एवढासा फरक, देणं आहे की नाही, आणि उत्तर उलटं. परीक्षक याच जागी बसलेला असतो.

काकांचा दुसरा प्रश्न अजून खवचट. "तत्त्व: 16 वर्षं पूर्ण केलेला माणूस करार करू शकतो. 17 वर्षांच्या सागरने हप्त्यावर गाडी घेतली, आता हप्ते देत नाही, म्हणतो मी लहान आहे. करार बंधनकारक?" आता ज्याला थोडंफार वाचन आहे तो लगेच म्हणणार की 18 च्या आतल्याचा करार शून्य, 1903 चा मोहोरी बीबी खटला वगैरे. आणि चुकणार. तत्त्वात 16 लिहिलंय ना, मग 16. खरा कायदा वेगळा आहे, असू दे. ज्याने कधी करार कायदा पाहिलेलाही नाही असा पोरगा हा प्रश्न दहा सेकंदांत बरोबर सोडवतो आणि आपण शहाणे लोक अडकतो.

म्हणून माझी पद्धत सांगते, कंटाळवाणी आहे पण चालते. रफ कागदावर तत्त्वाचे तुकडे करायचे. चोरीचंच घ्या: जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमती नाही, हेतू अप्रामाणिक, हलवली. पाच तुकडे. आता घटना वाचताना एकेका तुकड्यासमोर टिक. एक जरी टिक राहिली तर चोरी नाही, विषय संपला, मग आरोपी कितीही हलकट असो. हॉटेलातून कोणी स्वतःची समजून दुसऱ्याची छत्री उचलली तर चार टिक येतात, हेतूची येत नाही. शेतातलं उभं झाड? जमिनीत आहे तोवर जंगम नाही, पण तोडून नेण्याच्या हेतूने तोडलं की त्या क्षणी जंगम झालं. तत्त्वातल्या आणि, किंवा, परंतु, जोपर्यंत या शब्दांना गोल करा. "आणि" असेल तर दोन्ही टिक हव्यात, "किंवा" असेल तर एक बास. वाचायला बालिश वाटतं, मलाही वाटलं होतं, पण घाईत सगळ्यात आधी हेच शब्द डोळ्यांखालून निसटतात.

अजून एक. पर्यायांत बऱ्याचदा दोन "होय" आणि दोन "नाही" असतात, प्रत्येकाला वेगळं कारण जोडलेलं. होय की नाही हे बरोबर येतं आणि कारण चुकतं. उदाहरणार्थ "होय, कारण गरीब दुकानदाराचं नुकसान झालं" आणि "होय, कारण वस्तू दुकानदाराच्या ताब्यात होती". पहिलं वाचून मन हो म्हणतं. पण नुकसान, गरिबी हे तत्त्वात कुठे आहे? नाही ना, मग खोडा. ज्या कारणाखाली तत्त्वातला शब्द सापडतो तेच उत्तर.

आणि तत्त्व दिलेलंच नसेल तर? तर मग खराच कायदा लागतो, तिथे पॉलिटीचा अभ्यास कामी येतो. वाया काही जात नाही, फक्त प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखायचं.

खऱ्या कायद्यावरून आठवलं. टेलिग्रामवरच्या जुन्या पीडीएफ आणि सीनियरच्या वारशाने आलेल्या झेरॉक्स, कृपा करून तारीख बघून वापरा. 1 जुलै 2024 पासून भादंवि, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि पुरावा कायदा गेले, भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. वरचं चोरीचं कलम 378 होतं, आता 303. खून 302 चा 103 झाला. फसवणुकीचं 420 तर बोलीभाषेत गेलेलं, ते आता 318. एफआयआर सीआरपीसीत 154 होतं, ते नागरिक सुरक्षा संहितेत 173. चोरीतच एक नवी गोष्ट आहे, पहिलाच गुन्हा, पाच हजारांच्या आतली वस्तू आणि ती परत केली तर शिक्षा समाजसेवा. असले बदल जीके म्हणून विचारायला एकदम सोयीचे असतात. न्याय संहितेची सगळी 358 कलमं पाठ करायच्या नादाला लागू नका, वेडेपणा आहे तो, ठळक पंधरावीस जुनी-नवी जोडून लिहून काढा, बास.

इंग्रजी. इथे मराठी माध्यमवाल्यांना खरं सांगायला हवं: 120 तले 40, म्हणजे एक तृतीयांश पेपर. हा ऑप्शनला टाकता येत नाही. पण घाबरण्यासारखंही नाहीये, कारण फाडफाड बोलायचं नाही, लिहायचं नाही, फक्त ओळखायचं आहे. समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्यातली चूक, रिकाम्या जागा, उतारा. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, इंग्रजी म्हटलं की अजूनही पोटात गोळा येतो, तरी रोज एक इंग्रजी अग्रलेख पेन घेऊन वाचला, न आलेले शब्द वहीत उतरवले, तेवढ्यावर निभावलं. भारी नाही, निभावलं. तीस दिवसांत पाच हजार शब्द वगैरे कोर्स विकणाऱ्यांना माझा नमस्कार.

लॉजिकलवर काय लिहू, राज्यसेवा पूर्वचा सीसॅट म्हणजे बुद्धिमत्तेचा पेपर केला असेल तर झालंय तुमचं. नातेसंबंध, कोडिंग, मालिका, विधान-निष्कर्ष. वेळ लावून सराव करा एवढंच.

करंटला न्यायव्यवस्थेच्या बातम्यांची वेगळी वही करा, हे मात्र ऐकाच. 2025 चंच बघा: 14 मे ला अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले, 20 मे ला सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशाच्या प्रवेशपरीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, 18 ऑगस्टला मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं (सहा जिल्हे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग), नोव्हेंबरात सूर्य कांत सरन्यायाधीश. आपल्या दारातल्या बातम्या आहेत या, आणि लॉच्या पेपरात यायला यांच्याइतकं लायक काय असणार. त्यातली तीन वर्षांची अट नीट वाचा, कारण "एलएलबी झालं की लगेच जेएमएफसी" (म्हणजे खालच्या कोर्टाचा न्यायाधीश) असं गणित मांडून इकडे येणारे खूप आहेत. ते गणित आता लांबलंय. येऊ नका असं म्हणत नाही, घरच्यांना आकडा खरा सांगून या.

क्लास लावावा का? मला विचाराल तर टेस्ट सिरीज लावा, क्लास नको. एका ठिकाणी मी पैसे भरले, तिथले सर सीलॅटचेच (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा) लेक्चर आम्हाला दाखवायचे, लांबलचक उतारे, पाव मार्क निगेटिव्ह, अगदी वेगळी परीक्षा, आणि विचारलं तर "जो सीलॅट करतो त्याची सीईटी आपोआप होते". नाही होत हो. वेगाचा पेपर आहे हा, साधारण मिनिटाला एक प्रश्न. माझी कसोटी सोपी आहे: जो मेंटॉर तुमच्यासमोर बसून, घड्याळ लावून, न पाहिलेला पेपर सोडवायला तयार नाही, त्याच्याकडून रँक कशी काढायची ते ऐकू नका. टॉपरचं टाइमटेबल पण नको. टॉपर पहाटे चारला उठायचा म्हणून तुम्ही उठलात तर फक्त दुपारी झोप येईल.

मॉकमधे मार्क वरखाली होतात, होऊ द्या. एखादा मॉक असा जातो की वाटतं गावी जावं आणि दुकानात बसावं. दुसऱ्या दिवशी चुकलेले लीगलचे प्रश्न काढून बघा, तत्त्वाबाहेरचं काय मिसळलं तेवढं एका ओळीत लिहा. माझ्या वहीत अशी पानंच्या पानं आहेत: "दया आली", "बातमी आठवली", "खरा कायदा लावला". दोन-तीन आठवड्यांत तीच तीच कारणं दिसायला लागतात, मग परीक्षेत ते कारण डोकं वर काढतं तेव्हाच ओळखू येतं. वय जास्त आहे म्हणून लाजू नका, वयाची अट नाही, माझ्या वर्गात पोराबाळांचे लोक आहेत आणि तेच पुढच्या बाकावर बसतात.

आणि कागदपत्रं, निकालाची वाट न बघता. ओपनला पदवीचे 45 टक्के लागतात, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40, गुणपत्रकावर एकदा हिशोब करून बघा. डोमिसाईल, जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, आणि नॉन क्रिमिलेअर असेल तर त्याच्यावरची मुदत, 31 मार्च कोणत्या वर्षाचा आहे ते डोळे फाडून वाचा. निकालानंतर सेतूत जी गर्दी असते तिथे "उद्या या" हे एकच वाक्य ऐकायला मिळतं. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म भरताना मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ, पुण्याचं आयएलएस ही नावं वर टाकाच, मार्क कमी वाटले तरी, टाकायला काही जात नाही. पण जिथे राहण्या-जेवणाचा खर्च झेपणारच नाही ते कॉलेज लिस्टमधे नको, कारण लागलं की मग रात्रभर घरात त्याच्यावरच चर्चा चालते आणि सीट सोडायची की घ्यायची हे ठरवायला दिवस मोजके असतात.