शाळेत ऑनलाइन कोर्स हवाय? आधी ठरावाचं रजिस्टर उघडा

आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते आठवी, पट ८४. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी. म्हणून सहावी ते आठवीला आठवड्यातून दोन तास ऑनलाइन विज्ञानवर्ग सुरू केला. एक संस्था फुकट शिकवते. "बाई, मंजुरी कुणाची घेतली, पैसे कुठून आणले?" हे दर शिक्षण परिषदेत कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पाहा, कोर्सला पैसे लागतात का. दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य फुकट आहे; बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धडा उघडतो. नववी ते बारावीसाठी 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर एनसीईआरटी आणि एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) यांचे कोर्स आहेत, तेही विनाशुल्क. खर्च असतो तो टीव्ही, इंटरनेट आणि इन्व्हर्टरचा. कुणी ॲप विकायला आलं तर चहा पाजा, सही करू नका. आणि आठवीपर्यंत मुलांकडून वर्गणी काढायचा विचारही नको, आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात, शिक्षण मोफत आहे.

बाहेरची संस्था वर्ग घेणार असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्याच. अर्जाला तक्ता जोडा: कुठला तास, पाठ्यपुस्तकातला कुठला धडा. माझा पहिला अर्ज या तक्त्यावाचून परत आला होता. मुलांची नावं किंवा रेकॉर्डिंग संस्थेकडे जाणार असेल तर पालकांची लेखी संमती फाईलला लावा. अंगठा चालेल, तोंडी होकार नको.

मग शाळा व्यवस्थापन समिती. आरटीई २००९ प्रमाणे तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच करते. वर्ग त्या आराखड्यात दिसला पाहिजे, नाहीतर पुढे प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न. इथे मी एक घोळ घातला. दुकानदाराची दरपत्रकं १२ तारखेला आणली आणि समितीची सभा घेतली १५ ला. लेखापरीक्षणात विचारलं, "गरज ठरायच्या आधीच भाव कसा काढलात?" खुलासा लिहिता लिहिता रविवार गेला. तेव्हा आधी ठराव, मग दरपत्रकं, मग खरेदी समितीचं इतिवृत्त, शेवटी बिल. तारखा याच ओळीने.

पैशाच्या वाटा तीन. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं संयुक्त शाळा अनुदान ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये आहे आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, वीजबिल, नळाची तोटी. नेटचं रिचार्ज कसंबसं बसतं, टीव्ही नाही. समग्र शिक्षातच स्मार्ट वर्गासाठी २,४०,००० रुपयांची तरतूद आहे, पण ती राज्याच्या वार्षिक आराखड्यातून दिल्लीच्या मंजुरी मंडळाकडे जाऊन येते. आपल्या हातात एवढंच की यूडायसमधली, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली, वीज, खोल्या, संगणक ही माहिती अचूक भरायची.

आम्हाला फळली ती ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाचा (मुदत मार्च २०२६पर्यंत) अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी गावाच्या गरजेवर खर्चता येत होता, मात्र पगारावर नाही. म्हणून मदतनीस मुलीचं मानधन मी यादीतून आधीच काढलं. पुढच्या वर्षाचा गावआराखडा २ ऑक्टोबरपासूनच्या ग्रामसभांत ठरतो, त्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) गाठा. मी ग्रामसभेत उभी राहिले तर मागून एक आजोबा म्हणाले, "टीव्हीच शिकवणार, तर बाई तुम्ही कशाला?" हशा पिकला. मी म्हटलं, "आजोबा, विज्ञानाची जागा भरा असा ठराव आत्ताच करा, माझी पहिली सही. तोवर टीव्ही द्या." दोन्ही ठराव झाले. टीव्ही आला. जागा अजून रिकामीच.

ठरावात "ऑनलाइन शिक्षणासाठी साहित्य" असं मोघम लिहू नका. आमच्यात होतं: "४३ इंची टीव्ही एक, इन्व्हर्टर बॅटरीसह एक, नेट जोडणी एक वर्ष." वस्तू आली की त्याच दिवशी साठा नोंदवहीत चढवा आणि उपयोगिता प्रमाणपत्राची (निधी कशावर खर्चला याचा दाखला) एक प्रत शाळेत ठेवा.

वर्ष संपलं की नेटची तरतूद संपते. गेल्या जूनमध्ये पहिल्याच तासाला पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं आणि सातवीतली पोर म्हणाली, "बाई, बॅलन्स संपलाय." आता रिचार्जची तारीख कॅशबुकच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिली आहे, लाल पेनाने.