मेशचा डबा नेमका कुठे लावायचा?

डिप्लोमा झाल्यावर पहिली दोन वर्षं मी फक्त केबल ओढली आणि क्रिम्पिंग केलं, म्हणजे केबलच्या टोकांना प्लग बसवले. नंतर स्वतःच्या भरवशावर घेतलेलं पहिलं काम म्हणजे गुहागरकडचा एक होमस्टे. जांभ्याच्या जाडजूड भिंती, पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या टोकाला दोन नव्या खोल्या. राऊटर ओटीवर. मालक काका म्हणाले, "मागच्या खोल्यांत रेंजच नाही रे. तिथेच एक डबा लावून टाक."

राऊटरचं वायफाय हवेतूनच पुढे नेणाऱ्या, एकमेकांशी बोलणाऱ्या अशा डब्यांच्या जाळ्याला मेश म्हणतात. मी डबा लावला आणि फसलो. जिथे रेंज नाही तिथे ठेवलेल्या डब्याला तरी सिग्नल कुठून मिळणार? पाहुण्यांच्या फोनवर वायफायच्या काड्या भरलेल्या दिसत, पण साधा मेसेज जाईना. त्या काड्या फोन आणि जवळच्या डब्यामधल्या असतात. डबा आणि ओटीवरचा राऊटर यांचं आपसात जमतंय का, हे त्यांच्यावरून कळत नाही. या दुसऱ्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात आणि मेशच्या कामात निम्मी डोकेदुखी तीच असते.

म्हणून डबा जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे, म्हणजे मधल्या टप्प्यावर लावायचा. फोनमध्ये एखादं वायफाय ॲनालायझर ॲप घ्या आणि दारं लावून घरभर फिरा. सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे डीबीएममध्ये (हे त्याचं एकक) दिसतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. बॅकहॉलसाठी मी उणे ६५ च्या आसपास थांबतो. उणे ७५ च्या खाली गेला की त्या जागेचा नाद सोडतो. काकांकडे ही जागा मागच्या पडवीत सापडली, वाडीकडे उघडणाऱ्या खिडकीशेजारी. जांभ्याच्या दोन भिंती ओलांडण्यापेक्षा एक उघडी खिडकी कधीही बरी.

आणखी एक हिशोब आधीच करा. एकाच रेडिओवरून, म्हणजे डब्यातल्या वायफायच्या एकाच यंत्रणेवरून, डबा आलेला डेटा ऐकतो आणि पुढे ढकलतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. दोन टप्प्यांपुढे मी जात नाही. बॅकहॉलला वेगळा रेडिओ असेल तर थोडा दिलासा मिळतो. पण केबल टाकता येत असेल तर सरळ केबलच टाका. साध्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आणि पीओईने वीजही त्याच केबलमधून जाते. मेश विकणारा हे सहसा सांगत नाही.

आता कॉन्फिगरेशन. सगळे डबे आधी घरी एका टेबलावर जोडून बघा. बाजारातले तयार संच बहुतेक आपल्याच कंपनीच्या डब्यांशी बोलतात. वेगवेगळे डबे एकत्र चालवायचे असतील तर ओपनडब्ल्यूआरटी (डब्याच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं सॉफ्टवेअर) टाकून ८०२.११एस हे मेशचं मानक वापरता येतं. मेश आयडी, चॅनेल आणि पासवर्ड सगळ्यांवर अगदी सारखा हवा. चॅनेल 'ऑटो'वर सोडू नका, एक डबा एकीकडे आणि दुसरा भलतीकडे जाऊन बसतो. माझी एक अख्खी रात्र गेली ती मात्र वेगळ्याच गोष्टीत: ओपनडब्ल्यूआरटीसोबत येणाऱ्या 'डब्ल्यूपॅड-बेसिक' पॅकेजमध्ये पासवर्डवाली मेश चालत नाही. ते काढून 'डब्ल्यूपॅड-मेश' टाकावं लागतं. डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा पत्ता वाटून देणारी सोय, फक्त मुख्य राऊटरवर चालू ठेवा, बाकी सगळीकडे बंद.

५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडार ऐकू आलं की डब्याला चॅनेल सोडावाच लागतो. नवा चॅनेलही याच पट्ट्यातला असेल तर बोलायच्या आधी किमान मिनिटभर गप्प राहून ऐकावं लागतं. नवख्याने ३६ किंवा १४९ पासून सुरुवात करावी. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११, मधलं काही नको.

नंतर काकांनी पडवीपर्यंत केबल टाकून घेतली. मी केबल जोडली, पण वायरलेस मेश बंद करायला विसरलो. दोन मिनिटांत केबली जोडायच्या नेटवर्क स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि पूर्ण घराचं नेट बसलं. तोच डेटा केबलने जाऊन हवेतून परत येत होता, गोल गोल. याला लूप म्हणतात. दोन्ही वाटा ठेवायच्याच असतील तर एसटीपी (लूप ओळखून जादाची वाट बंद ठेवणारी सोय) चालू करा, नाहीतर एक वाट तोडा.

हे काम मे महिन्यातलं. जुलैत काकांचा फोन आला, "पाऊस लागला की शेवटच्या खोलीचं नेट जातं." एवढ्या अंतरात पाऊस स्वतः फारसा आडवा येत नाही, पण पाण्याने भरलेली पानं येतात. पडवीतल्या डब्यासमोर फणसाची एक फांदी चांगलीच फोफावली होती. ती छाटली, डबा वळचणीखाली हातभर वर घेतला. नेट सुधारलं, तरी रोज संध्याकाळी तक्रार यायचीच. शेवटी जाऊन बघितलं तर लाइट गेली की ओटीवरचा राऊटर इन्व्हर्टरवर चालू राहायचा आणि पडवीतला डबा बंद पडायचा, कारण त्याचा प्लग साध्या लाइनवर होता. वायरमनला बोलावून तो इन्व्हर्टरवर घेतला. काका म्हणाले, "एवढंच होतं तर फणस कशाला तोडलास?"