जिआर्डियानंतरचा व्यायाम

जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा मला झालेला संसर्ग बरेच महिने रेंगाळला. औषधाने जंतू गेले, पण अंगात त्राण नव्हतं. हा परजीवी लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतो, त्यामुळे खाल्लेलं नीट शोषलं जात नाही. दुधातली साखर तर पुढे काही आठवडे बाधू शकते. त्यात जोरात धावलं की रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं आणि मग वेगळीच पळापळ! म्हणून धावणं थांबवून सपाटीवर चालणं धरलं, जोडीला हलकी वजनं. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजायचो. नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली की त्या दिवशी सुट्टी. जुलाब झाले तर फक्त जलसंजीवनी आणि आराम. पोहणं सगळ्यात शेवटी सुरू केलं, कारण जिआर्डिया क्लोरीनच्या पाण्यातही काही काळ तग धरतो. आपल्यामुळे दुसऱ्याला लागण नको.