राज्यशास्त्राच्या पेपरात मार्क काढायचे तर आधी पेन उचला
संभाजीनगर, लातूरच्या अभ्यासिकांमधी बघा, पोरं दिवसभर वाचायलेत पण लिहायला कुणी बसंना. यूपीएससी मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र ऑप्शनल (आपल्या निवडीचा विषय) घेतलं तर 250 चे दोन पेपर, तीन-तीन तास, म्हणजे 10 मार्काच्या प्रश्नाला, जो साधारण 150 शब्दांत बसवायचा असतो, हातात सातच मिनिटं येतात. म्हणून रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहा, बाकी सगळं नंतर.

सिलॅबसची झेरॉक्स टेबलासमोर चिकटवा, मागच्या वर्षांचे प्रश्न त्याच्याच बाजूला टॉपिकनुसार उतरवून काढा.

आता खरं काम. कलमं नुसती घोकू नका, ती गावाला जोडा. पंचायतराज घ्या, 73 वी घटनादुरुस्ती 1992 ची, कलम 243क ग्रामसभेचं, अकराव्या अनुसूचीत 29 विषय, एवढं सगळ्यांनाच येतं, पण तुम्ही एकदा आपल्या गावच्या ग्रामसभेला जाऊन मागं बसा, कोरम (लागणारी किमान हजेरी) भरतो का, बाईसरपंच स्वतः बोलते का तिचा नवरा बोलतो, हे वहीत टिपा, उत्तरात तीच दोन वाक्यं वेगळी दिसतात. संघराज्यावर लिहिताना कलम 371(2) विसरू नका, 2020 ला मुदत संपलेल्या मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाचा आधार तेच होतं, आपल्या भागाचा अनुशेष (विकासात राहिलेली तूट) आपणच नाही मांडला तर कोण मांडणार?

विचारवंतांसाठी प्रत्येकी एकच पान करा. आणि लिहिलेलं उत्तर मित्राला तपासायला द्या, लाजू नका.