स्क्रीनशॉटमधून उचललेला रंग: गेमची फॅन आर्ट काढू लागलेल्यांसाठी

दिवसा मी फोर्टमधील एका कार्यालयात हिशेब पाहते आणि रात्री जेवणे आटोपल्यावर, साडेनऊ ते अकरा या वेळात, डोंबिवलीच्या घरातील ओट्याशेजारच्या टेबलावर व्हिडिओ गेममधील पात्रांची आणि जागांची चित्रे काढते. हा उद्योग सुरू करून सहा वर्षे झाली. त्यापूर्वीचे माझे चित्रकलेचे शिक्षण म्हणजे शाळेत दिलेली एलिमेंटरीची परीक्षा आणि तिच्यात मिळालेली बी ग्रेड; इंटरमिजिएटची परीक्षा क्लासच्या धांदलीत राहून गेली. रेखाटन, यथार्थदर्शन, लेयर, ब्रश यांची तुम्हाला तोंडओळख असेल असे मी धरून चालते आणि त्यांवर वेळ घालवत नाही. ज्या एका साधनाने माझी जवळजवळ दोन वर्षे खाल्ली, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे. ते साधन म्हणजे आयड्रॉपर: पडद्यावरील कोणत्याही ठिपक्यावर टेकवले की तेथील रंग जसाच्या तसा उचलून देणारे ते छोटे, निरुपद्रवी दिसणारे चिन्ह.

मला चित्रे काढायला लावणारा गेम 'हॉलो नाइट'. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील टीम चेरी या अगदी लहान चमूने तो 2017 साली आणला आणि त्यातील जग हाताने काढलेल्या चित्रांतून उभे केले. जमिनीखाली कीटकांचे एक उजाड झालेले राज्य आहे आणि त्यात सिटी ऑफ टीअर्स नावाचे एक शहर आहे, ज्यावर वरच्या तळ्याचे पाणी अखंड पावसासारखे गळत असते. जुलै महिन्यात मध्य रेल्वेने ये-जा करणाऱ्या माणसाला ते शहर परके वाटण्याचे काही कारण नव्हते. त्या गेममध्ये ठिकठिकाणी बाक असतात, त्यांवर बसले की खेळ जतन होतो. तेव्हा मला सुचले की दोन शिंगांचा पांढरा मुखवटा घातलेला तो इवलासा योद्धा दादरच्या फलाटावरील बाकावर बसवावा: पाय जमिनीला न टेकलेले, छपरापलीकडे पाऊस, आणि डाव्या बाजूला खाण्याच्या स्टॉलचा पिवळा दिवा. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते.

मी सिटी ऑफ टीअर्सचा स्क्रीनशॉट घेतला आणि त्यातून रंग उचलले. मुखवटा पांढरा आहे, हे हा गेम खेळलेला कोणीही सांगेल. आयड्रॉपरने मला दिलेला रंग लाल 170, हिरवा 185, निळा 205 यांच्या आसपासचा होता, म्हणजे निळसर करडा. आकडे मी पाहिले, पण गेममधूनच आलेला रंग चुकीचा कसा असेल, असे म्हणून तो तसाच मुखवट्यावर भरला. चित्र पूर्ण झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने ते पाहिले आणि विचारले, "हा भिजून आजारी पडलाय का गं?"

तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझे निदान साफ चुकले. मुखवट्याचा आकार जमला नसावा असे समजून मी तो पुन्हा काढला. मग डोळ्यांची भोके मोठी केली, शिंगांचा बाक बदलला, रेषा जाड केली. त्यानंतर ब्रशचे दोन संच विकत घेतले, ज्यांचा आजपर्यंत काडीचा उपयोग झालेला नाही. तेच चित्र मी चार वेळा काढले आणि चारही वेळा रंग त्याच स्क्रीनशॉटमधून घेतले. रंगाची चूक अशी रेषेची चूक बनून समोर येते, आणि आपण रेषेवर महिनोन्‌महिने घासत बसतो. नवशिक्यांनी एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी माझे हे लिहिणे कारणी लागेल.

आता यामागचे कारण, जे माझ्या आईला चित्र न काढताही ठाऊक आहे. दादरच्या दुकानात ती कधीही ट्यूबलाइटखाली साडी पसंत करत नाही. दुकानदाराला ती दारापर्यंत आणायला लावते आणि उन्हाच्या उजेडात पदर उलगडून पाहते. साडी तीच असते, पण डोळ्यांपर्यंत पोचणारा रंग हा साडीचा आणि तिच्यावर पडलेल्या उजेडाचा मिळून झालेला असतो. गेममधील मुखवट्याचेही तेच आहे. पांढऱ्या मुखवट्यावर निळा उजेड पडला आहे, मध्ये धुके आहे, पावसाचा पातळ पडदा आहे, आणि संपूर्ण दृश्यावर चित्रकाराने हेतूने निळी झाक दिली आहे. आपला मेंदू त्या सगळ्याची वजावट करून "हे पांढरे आहे" असा निकाल देतो; आयड्रॉपर वजावट करत नाही, तो फक्त शिल्लक आकडा सांगतो. तो आकडा निळ्या शहरात खरा होता. मी तो उचलून पिवळ्या दिव्याशेजारी आणून ठेवला, जिथे पांढऱ्या वस्तूवर पिवळसर उजेड पडायला हवा होता.

दुसरे कारण शेजाऱ्याचे. पॅरिसमधील गोबलँ या सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली की काळ्या धाग्याला हवा तसा उठाव येत नाही. त्यांनी तपास केला तेव्हा रंगात खोट निघाली नाही. काळ्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा फिका वाटत होता. त्यांनी या विषयावरील आपला ग्रंथ 1839 साली प्रसिद्ध केला. करडा रंग पिवळ्याशेजारी ठेवला की निळसर भासतो आणि निळ्याशेजारी ठेवला की पिवळट भासतो. माझा करडा तर मुळातच निळसर होता, त्यामुळे स्टॉलच्या पिवळ्या दिव्यापाशी तो थेट तापाने फणफणलेल्या माणसाच्या ओठांसारखा दिसू लागला.

तिसरे कारण क्षुल्लक वाटेल, पण मला त्यानेही बराच त्रास दिला. इंटरनेटवरून उतरवलेला स्क्रीनशॉट बहुधा जेपीईजी स्वरूपात असतो आणि ते स्वरूप फाइल लहान करण्यासाठी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करते, शिवाय बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवते. एका ठिपक्याचा रंग आणि त्याला चिकटलेल्या ठिपक्याचा रंग त्यामुळे वेगळा निघू शकतो. पावसाच्या रेघांमध्ये आयड्रॉपर टेकवणे म्हणजे चिठ्ठी उचलण्यासारखे आहे. स्वतः खेळताना पीएनजी स्वरूपात स्क्रीनशॉट घेतला तर ही अडचण टळते. पहिल्या दोन टळत नाहीत.

यातून मला बाहेर काढले ते माझ्या शाळेतील चित्रकलेच्या निवृत्त सरांनी. त्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही. मी त्यांना चित्र दाखवले तेव्हा त्यांनी ते दुरुस्त केले नाही. फाइलचा करडा पुठ्ठा आणायला सांगितला आणि पंचिंग मशीनने त्याला बोटभर अंतरावर दोन भोके पाडायला लावली. पुठ्ठा स्क्रीनशॉटवर असा धरायचा की एका भोकात मुखवटा येईल, आणि दुसऱ्या भोकात पुठ्ठ्यामागे कोऱ्या कागदाचा कपटा सरकवायचा. आजूबाजूचे सगळे झाकले गेले आणि ज्याला मी दोन वर्षे पांढरा म्हणत होते तो रंग ओल्या सिमेंटसारखा दिसला. सर एवढेच म्हणाले, "आता हा रंग पोस्टर कलरमध्ये डोळ्यांनी बनव. निळा, पिवळा, लाल, पांढरा. पाचवी बाटली उघडायची नाही."

पहिला रंग जुळायला मला पाऊण तास लागला. तुम्हालाही लागेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रोज एकच रंग जुळवायचा, असा मी नेम केला: कधी स्क्रीनशॉटमधला, कधी खिडकीतल्या कुंडीचा, कधी चहाच्या कपाच्या सावलीतला. दोन-अडीच महिन्यांनी वेळ दहा मिनिटांवर आला आणि त्यानंतर डिजिटल चित्र काढतानाही रंग उचलण्याऐवजी अंदाजाने ठरवता येऊ लागला. आयड्रॉपर मी आजही वापरते, पण तो स्वतःच्याच चित्रात आधी वापरलेला रंग पुन्हा मिळवण्यासाठी, किंवा अंदाज करून झाल्यावर तो तपासण्यासाठी. क्रम उलटा झाला की डोळा आळशी होतो.

सरांच्याच सांगण्यावरून मी एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत वही घेऊन बसले. गुहा, खांब, काळोख हे गेममध्ये सतत येते आणि मी तो काळोख काळ्या रंगाने भरत असे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात अर्धा तास बसल्यावर दिसू लागले की दाराकडच्या खांबांच्या सावल्या हिरवट आहेत, कारण बाहेरच्या झाडांवरून उजेड आत येतो, आणि स्तूपाच्या मागची सावली तपकिरी आहे. निव्वळ काळे असे तिथे फारच थोडे होते. त्या दिवशीची रेखाटने वाईट आहेत, पण मी ती जपून ठेवली आहेत.

मार्गदर्शकांविषयी माझे मत एकांगी आहे, ते तसेच वाचावे. जो शिक्षक तुमच्या चित्रावर स्वतः ब्रश फिरवून ते सुंदर करून देतो, त्याच्याकडून लवकर निघून जावे. त्याच्या घरून निघताना छान वाटते आणि दुसऱ्या दिवशी हात पुन्हा होता तिथेच असतो. दोन तासांचे काम दोन मिनिटांत पळवून दाखवणारे व्हिडिओ मी वर्षभर पाहिले. त्यांतून चित्रकार काय करतो ते दिसते, पण तो कुठे थांबून विचार करतो नेमके तेवढेच कापलेले असते. स्क्रीनशॉट गिरवण्याविषयी मात्र मी तितकी कडक नाही. पात्राची ठेवण समजून घेण्यासाठी दहा-वीस वेळा खुशाल गिरवा, फक्त ते स्वतःचे चित्र म्हणून कोणाला दाखवू नका.

साधनांबद्दल थोडक्यात. क्रिता हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पहिली काही वर्षे त्याहून अधिक कशाची गरज पडत नाही. पेन टॅब्लेट मी लॅमिंग्टन रोडवरून घेतली, पडदा नसलेली, सर्वांत लहान. संगणकाच्या पडद्याकडे पाहून खाली टॅब्लेटवर हात चालवण्याची सवय व्हायला मला तीन आठवडे लागले आणि त्या काळात मी रडकुंडीला आले होते, तरी ती सवय होतेच. एक युक्ती लगेच शिकून घ्या: सगळ्यांत वर काळ्या रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे तो खालच्या चित्रात कसा मिसळावा याची निवड, 'कलर' करा. चित्र तात्पुरते कृष्णधवल होते आणि टोन, म्हणजे रंगाचा फिकेपणा-गडदपणा, बिघडला असेल तर तो लपत नाही. माझ्या आजारी योद्ध्याचा मुखवटा या परीक्षेत मागच्या भिंतीत जवळजवळ विरघळून गेला होता.

विक्रीच्या बाबतीत मी स्पष्टच लिहिते, कारण मला कोणी सांगितले नव्हते. दादरच्या बाकाच्या चित्राच्या वीस प्रती छापून मी एका मेळ्यात मैत्रिणीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडल्या. दोन गेल्या, त्यांतील एक मामाने घेतली. एक वयस्कर गृहस्थ मात्र थांबले आणि हे पात्र काढण्याची परवानगी घेतली आहे का, असे त्यांनी सभ्यपणे विचारले. मी खाली मूळ निर्मात्यांचे नाव लिहिले असल्याचे दाखवले. श्रेयनिर्देश म्हणजे परवाना नव्हे, हे मला नंतर वाचून कळले. भारतीय प्रताधिकार अधिनियम 1957 च्या कलम 52 मध्ये खाजगी वापर, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी रास्त वापराची मुभा आहे. दुसऱ्याच्या पात्राच्या छापील प्रती विकणे त्यांत सहज बसत नाही. बऱ्याच कंपन्या चाहत्यांच्या चित्रांकडे काणाडोळा करतात, पण काणाडोळा म्हणजे हक्क नाही. काहींचे लेखी नियम असतात. 'गेनशिन इम्पॅक्ट'च्या निर्मात्यांनी चाहत्यांच्या वस्तूंसाठी असे नियम जाहीर केले आहेत. ज्या गेमचे चित्र विकायचे असेल त्याचे नियम आधी शोधून शेवटपर्यंत वाचा. घरात भिंतीवर लावण्यासाठी, मित्राला वाढदिवसाला देण्यासाठी काढत असाल तर एवढे घाबरण्याचे कारण नाही, आणि बहुतेकांचे सुरुवातीचे काम तेवढेच असते.

छपाईचा धडाही त्याच वीस प्रतींनी दिला. पडदा उजेडातून रंग दाखवतो आणि छापखाना चार शाईंतून, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंदावतो. आधी एकच प्रत काढून पाहा. ए-4 आकारासाठी चित्र निदान 2480 बाय 3508 ठिपक्यांचे असावे, आणि ते सुरुवातीलाच तसे घ्यावे. मागाहून ताणून मोठे केलेले चित्र छपाईत भुरकट येते.

परदेशी गेमच का, असे सर मला अधूनमधून विचारतात. त्यांच्यासाठी मी 2020 साली आलेला 'राजी' हा गेम लॅपटॉपवर चालवून दाखवला, जो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केला आहे आणि ज्याच्या दृश्यांवर पहाडी लघुचित्रांची छाप आहे. सरांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि पुढच्या शनिवारी आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रे पाहायला गेलो. दोन भोकांचा पुठ्ठा त्यांनी पिशवीत आणला होता. दालनातल्या पहारेकऱ्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, एका भोकातून आमच्याकडे पाहिले आणि काचेपासून हातभर लांब धरा, एवढे सांगून परत दिला.

दादरच्या बाकाचे चित्र सध्या सहाव्यांदा चालू आहे. मुखवट्याला या वेळी पिवळसर पांढरा दिला आहे आणि पावसाकडच्या शिंगाला फक्त कडेने निळा. बहिणीने अजून पाहिलेले नाही.