विधेयकावर हरकत घ्यायची तर शब्दावर घ्या

‘हा कायदा अन्यायकारक आहे, तो मागे घ्या’ एवढंच लिहिलेलं पत्र विधेयक तपासणाऱ्या आमदार-खासदारांच्या समितीच्या गठ्ठ्यात जातं आणि तिथेच राहतं. सदस्यांपुढे कलमं असतात, आणि त्यांना बदलता येतात ते कलमांतले शब्द. म्हणून कोणत्या कलमातला कोणता शब्द कोणावर अन्याय करतो आणि त्याजागी काय हवं, हे हरकतीत असायलाच हवं.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. विधेयक जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं आणि त्यावरचे आक्षेप अजून मिटलेले नाहीत. तरीही समितीने सुचवलेल्या बदलांत तपास अधिकाऱ्याचा दर्जा पोलीस उपनिरीक्षकावरून उपअधीक्षकापर्यंत वाढला. हा बदल लहान दिसतो, पण ज्याच्या घरी तपास येईल त्याला तो लहान नाही.

आधी मूळ मजकूर मिळवा. बातमी किंवा व्हॉट्सॲपवरचा सारांश वाचून हरकत लिहू नका. राज्याचं विधेयक विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात मिळतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठ शेजारी ठेवा, कारण राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात छापलेला इंग्रजी अनुवाद हा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार इंग्रजीतला अधिकृत पाठ मानला जातो. शेवटची पानंही वाचा. उद्देश व कारणे यांच्या निवेदनात सरकारने हा कायदा कशासाठी आणला ते लिहिलेलं असतं. तुमचा युक्तिवाद तिथूनच सुरू होतो.

मग पेन्सिल घेऊन बसा आणि तीन प्रकारच्या शब्दांखाली रेघ मारा. ‘देईल’ की ‘देता येईल’? पहिल्याने अधिकाऱ्यावर बंधन येतं, दुसऱ्याने त्याची मर्जी चालते. ‘विहित करण्यात येईल अशा’ हे शब्द आले की समजायचं, खरा तपशील नंतर नियमांत येणार आहे. फी, मुदत किंवा अपिलाची पद्धत अशी बाहेर ढकललेली असेल, तर ती कायद्यातच लिहावी अशी मागणी करा. तिसरे सैल शब्द. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रास आणि गैरसोय हेसुद्धा गुन्ह्याचे निकष होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा हेच कलम लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण रद्द केलं, कारण अशा शब्दांना सीमाच नव्हती.

अन्याय दाखवण्याची सर्वांत भक्कम कसोटी राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ ची, म्हणजे समानतेच्या हक्काची. दोन गटांना वेगळं वागवायचं असेल, तर फरक स्पष्ट दाखवता आला पाहिजे आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी संबंध असला पाहिजे. उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घालून बारमधल्या नाचावर बंदी आणली. कारण सांगितलं ते स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. तोच नाच महागड्या हॉटेलात झाला की प्रतिष्ठा शाबूत कशी राहते? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही कलमं रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. तुमच्या विधेयकातही सूट कोणाला दिली आहे ते आधी शोधा. अन्याय बऱ्याचदा परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या ‘परंतु…’ या अपवादात, लपलेला असतो.

आता लिहायला घ्या. दोन पानं पुरेत. वर विधेयकाचा क्रमांक आणि पूर्ण नाव, खाली तुमचं नाव, पत्ता, सही. दोन किंवा तीनच कलमं निवडा. पंधरा घेतलीत तर एकही नीट मांडता येत नाही. समजा, एका विधेयकात असं आहे:

‘सक्षम प्राधिकाऱ्यास योग्य वाटेल अशा कारणास्तव परवाना रद्द करता येईल.’

हरकत: कारण लेखी देण्याचं बंधन नाही, नोटीस नाही, सुनावणी नाही.

परिणाम: हातगाडीवर पोट असलेल्या माणसाचा धंदा एका दिवसात बंद होईल आणि अपिलात कशाविरुद्ध बोलायचं हेही त्याला कळणार नाही.

सुचवलेला मजकूर: ‘परवानाधारकास किमान १५ दिवसांची नोटीस आणि आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतर, लेखी कारणे नमूद करून, परवाना रद्द करता येईल.’

आधार: पथ विक्रेता कायदा, २०१४, कलम १०. तिथेही सुनावणीची संधी दिल्याशिवाय प्रमाणपत्र रद्द करता येत नाही.

आधाराची ही ओळ फार कामाची आहे. जे एका कायद्यात आधीच चालतंय ते दुसऱ्यात का नको, याला उत्तर देणं खात्याला जड जातं. सुचवलेला मजकूर मात्र कधीही वगळू नका. तो नसेल तर आयत्या वेळी समितीला उचलायला हाताशी काही नसतं.

मंत्र्यावर किंवा पक्षावर शेरेबाजी नको. एकच छापील नमुना हजार जणांनी पाठवला तर संख्या दिसते, पण मुद्दा एकच राहतो. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या धंद्यावर, गावावर होणारा परिणाम स्वतःच्या शब्दांत लिहावा.

मुदत जाहिरातीत बघा. संसदीय समित्या अनेकदा १५ दिवसच देतात आणि इंग्रजी किंवा हिंदीत दोन प्रती मागतात. केंद्राच्या २०१४ च्या धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा असं आहे, पण तो कायदा नाही, त्यामुळे त्या भरवशावर थांबू नका. प्रत्यक्ष नेऊन देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. टपालाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टची पावती जपा. संसदीय समितीला दिलेलं निवेदन गोपनीय मानलं जातं, म्हणून ते स्वतः फेसबुकवर टाकू नका. समितीपुढे तोंडी बोलायचं असेल तर तसं पत्रातच लिहा. नंतर सुचून उपयोग नाही.

अहवाल आला की तुमचं कलम काढून बघा. संसदेच्या संयुक्त समितीने सुधारलेल्या विधेयकात नवे शब्द अधोरेखित असतात आणि वगळलेल्या जागी तारे असतात. खाली जोडलेल्या भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांनी लिहिलेली टिपणंही वाचा. तुमचा मुद्दा समितीने नाकारला असला, तरी एखाद्या सदस्याने तो तिथे नोंदवलेला असू शकतो. तसं असेल तर विधेयक सभागृहात चर्चेला येण्याआधी त्याच सदस्याकडे तुमचा सुचवलेला मजकूर घेऊन जा आणि तो दुरुस्ती म्हणून मांडायला सांगा.